वीज पडल्यावर हॉट टब : हीटर आधी, बोर्ड नंतर

प्रश्न : ऑक्टोबरमधल्या गडगडाटात कुंपणालगतच्या माडावर वीज पडली. मागच्या अंगणातल्या हॉट टबचा डिस्प्ले लागतो, पंपही फिरतो. पण हीटर चालू झाला की आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, "आरसीसीबी गेलाय, तूर्त थेट जोडून देतो." चालेल का?
— एक वाचक, साळगाव (बार्देस)

उत्तर : अजिबात नाही. हीटर लागल्यावरच पडणारा आरसीसीबी बहुधा धडधाकट असतो. गळती हीटरमध्ये असते. तपासणी होईतो पाण्यात हातसुद्धा घालू नका. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, मात्र तो काय तपासतोय ते पाहा.

आधी टबचा दोन पोलचा आयसोलेटर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच) बंद. मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्हीकडे मल्टिमीटरने शून्य दिसायला हवं. नुसत्या टेस्टरवर भागवू नये. पंपाच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज उरतो, तो रेझिस्टर लावून उतरवावा.

आता हीटर. त्याच्या दोन्ही वायर टबच्या कंट्रोल बोर्डावरून सोडवा. 230 व्होल्टवरच्या 3 किलोवॅट एलिमेंटचा रोध साधारण 17 ते 18 ओहम येतो, 2 किलोवॅटचा 26च्या आसपास. हा आकडा बरोबर आला म्हणून हीटर चांगला ठरत नाही, आणि नेमकी इथेच फसगत होते. विजेचा झटका आतल्या तारेतून बाहेरच्या धातूच्या नळीकडे उडी मारतो, नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि आत भरलेल्या इन्सुलेशनच्या पावडरीत पाणी शिरतं. तार शाबूत, पण गळती सुरू. म्हणून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणारं मीटर) एलिमेंट ते अर्थ मोजावं, तेही हीटरभोवती पाणी असताना. कोरड्या हीटरमध्ये दोष लपून राहतो. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर एलिमेंट बदलाच. बोर्ड जोडलेला ठेवून मेगर मारू नका. त्यावरच्या व्हॅरिस्टरमुळे (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) रीडिंग खोटं येईल आणि चांगला बोर्डही जाईल.

बोर्डावर तडकलेला व्हॅरिस्टर (नाण्यासारखी चपटी चकती), काजळी, उडालेला ट्रॅक शोधा. टर्मिनलवरचा हिरवा गंज विजेचा नव्हे, खाऱ्या हवेचा. विम्याच्या दाव्यात तो घुसडू नये. हीटरच्या रिलेचे कॉन्टॅक्ट वीज बंद असताना उघडे दिसले पाहिजेत. ते चिकटले असतील तर पाणी 40 अंशांवर न थांबता तापत राहील. फ्यूज उडालेला असेल तर कारण सापडल्याशिवाय नवा घालू नका, जास्त अँपिअरचा तर नाहीच.

पंप गुणगुणतो पण फिरत नाही, असं झालं तर आधी कपॅसिटर पाहा.

अर्थिंगकडे सहसा कुणी वळत नाही. माडावरची वीज जमिनीतूनच अर्थच्या वायरीवाटे घरात चढते. चिऱ्याच्या जमिनीत पाऊस संपला की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी उन्हाळ्यात करावी. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून अर्थिंग कळत नाही, ते फक्त आतली यंत्रणा तपासतं.

डिस्ट्रिब्युशन बोर्डात टाइप 2 एसपीडी (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं साधन) असेल तर त्यावरची खिडकी पाहा : लाल म्हणजे कार्ट्रिज संपलं. नसेल तर आता बसवा, जोडणीची वायर एकूण अर्ध्या मीटरच्या आत ठेवून.

दुरुस्तीनंतर पाणी पूर्ण तापेपर्यंत टब कुणीही आत न उतरता चालवा. अर्धवट दुखावलेला हीटर कधीकधी गरम झाल्यावरच गळू लागतो. जळका बोर्ड आणि एलिमेंट विम्याचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत टाकू नका. दावा करण्याआधी पॉलिसीतलं विजेच्या उपकरणांबाबतचं वगळणुकीचं कलम वाचून घ्या.