वीज कुठे जाते ते आधी बघ

अंधेरी (पूर्व), मुंबई

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. नाल्याच्या पाण्याची पातळी मोजणारं यंत्र पुलाच्या कठड्याखाली बसवायचं, दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवायचा, वीजजोडणी मिळणार नाही म्हणून बॅटरी आणि सौर पॅनल. इथपर्यंत झकास. पुढे मात्र तू लिनक्सचा बोर्ड (म्हणजे अख्खा छोटा कॉम्प्युटरच) निवडलायस, कारण पायथन तुला येतं आणि बोर्डाच्या खोक्यावर ‘लो पॉवर’ लिहिलंय. आणि शेवटी विचारलंयस, सगळ्यात कमी वीज खाणारा प्रोसेसर कुठला?

आधी साधा हिशोब कर. असा बोर्ड मोकळा बसला तरी दोनेक वॅट घेतो, म्हणजे दिवसाला ४८ वॅट-तास. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची. दोन दिवससुद्धा निघत नाहीत. आणि जुलैत मुंबईत आठवडाभर ऊन पडलं नाही तर नवल नाही. तुझा आकडा लोकांना हवा असतो तो नेमका त्याच आठवड्यात.

तरीही ‘अमुक प्रोसेसर घे’ असं मी सांगणार नाही. कमी विजेचे प्रोसेसर कसे घडत गेले ते सांगतो, म्हणजे तुझा प्रश्नच बदलेल.

पहिली गंमत अशी, की आज जगभरातल्या फोनांत बसलेला एआरएम जातीचा प्रोसेसर कमी विजेसाठी जन्मलाच नव्हता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला आपल्या पुढच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी दमदार प्रोसेसर हवा होता. माणसं मोजकी, पैसा बेताचा. सोफी विल्सन यांनी इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांची यादी) लिहिला, स्टीव्ह फर्बर यांनी आतली रचना केली. सिरॅमिकचं पॅकेज महाग, म्हणून चिप स्वस्त प्लास्टिकमध्येच बसली पाहिजे, आणि प्लास्टिक साधारण एका वॅटपलीकडची उष्णता बाहेर काढू शकत नाही. वीज किती लागेल याचा नेमका अंदाज देणारी साधनं तेव्हा त्यांच्याकडे नव्हती, म्हणून प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतला. चिप हातात आली तेव्हा वॅटचा दहावा हिस्सा पुरत होता.

२६ एप्रिल १९८५ ला ती पहिल्यांदा चालू केली. फर्बर करंट मोजायला गेले तर अँमीटरवर शून्य! प्रोग्रॅम मात्र व्यवस्थित चालतोय. शोधल्यावर कळलं की टेस्ट बोर्डवर चिपला पॉवर सप्लायच जोडला गेला नव्हता. शेजारच्या चिपांकडून येणाऱ्या सिग्नलांमधून, संरक्षक डायोडांवाटे जी थोडी वीज आत झिरपत होती, तिच्यावर ती चालली होती. त्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर होते साधारण २५ हजार. त्याच वर्षी आलेल्या इंटेल ८०३८६ मध्ये पावणेतीन लाख. जे बसवलंच नाही ते वीज खात नाही. तुझ्या बोर्डवर एचडीएमआय आणि चार यूएसबी पोर्ट नाल्यावरच्या पुलाखाली काय करणार आहेत, हे एकदा स्वतःला विचार.

दुसरी गोष्ट डीईसी या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीच्या स्ट्राँगआर्म प्रोसेसरची. माझ्या मते या सगळ्या इतिहासात शिकायला सगळ्यात जास्त इथे आहे, आणि कॉलेजात कुणी शिकवत नाही. डीईसीचा अल्फा २१०६४ हा त्या काळचा अतिवेगवान प्रोसेसर, २०० मेगाहर्ट्झला २६ वॅट. त्याच कंपनीच्या लोकांनी १९९६ मध्ये १६० मेगाहर्ट्झचा एआरएम, म्हणजेच स्ट्राँगआर्म, काढला, अर्ध्या वॅटमध्ये. हे कसं जमलं याचा हिशोब त्यांनी पायरीपायरीने छापला आहे. व्होल्टेज ३.४५ वरून १.५ वर आणलं, २६ चे ४.९ वॅट झाले. अनावश्यक कामं काढून टाकली (फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकांच्या आकडेमोडीचा भाग, गेला; ६४ बिटांचे ३२ झाले), १.६ उरले. चिप घडवण्याच्या अधिक बारीक प्रोसेसवर गेले, ०.८. क्लॉकच्या (प्रोसेसरला ठेका देणाऱ्या सिग्नलच्या) तारांवरचा बोजा हलका केला, ०.६. वेग जरासा उतरवला, ०.५.

सगळ्यात मोठी झेप व्होल्टेजची. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, वेगाच्या मात्र सरळ प्रमाणात. नवशिका इंजिनिअर क्लॉक निम्मा करतो आणि खूश होतो. पण क्लॉक निम्मा केला की काम दुप्पट वेळ चालतं, एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच लागते. त्या सवलतीत व्होल्टेज खाली उतरवलंस तरच खरा फायदा. (आपल्या बंगळुरूच्या सिम्प्युटर या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये स्ट्राँगआर्मच होता. ते यंत्र फार विकलं गेलं नाही, पण प्रोसेसरची निवड चोख होती.)

मधली काही वर्षं भरभर सांगतो. १९९४ च्या एआरएम७टीडीएमआयने १६ बिटांच्या आखूड सूचना आणल्या. प्रोग्रॅम लहान, मेमरी लहान, मेमरीकडे खेपा कमी. सापाच्या गेमचा नोकिया ६११० याच जातीच्या प्रोसेसरवर चालायचा. २००० च्या जानेवारीत ट्रान्समेटा कंपनीने लॅपटॉपसाठी क्रूसो प्रोसेसर आणला. कामाच्या ओझ्यानुसार व्होल्टेज आणि वेग दोन्ही आपोआप खालीवर करणारा, कल्पना सुंदर. पण लॅपटॉपमध्ये स्क्रीनच इतकी वीज खाते की नुसता प्रोसेसर काटकसरी करून बॅटरी दुप्पट चालत नाही. त्यात इंटेलनेही आपले कमी व्होल्टेजचे प्रोसेसर उतरवले. कंपनी मागे पडली, कल्पना सगळ्यांनी उचलली. तैवानच्या व्हीआयएने १७ बाय १७ सेंटीमीटरच्या बोर्डवर छोटे, थंड प्रोसेसर बसवून पंख्याशिवाय चालणाऱ्या पीसीचा रस्ता रुळवला. दमट, खाऱ्या हवेच्या या शहरात पंखा नसणं ही केवढी सोय आहे, ते यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला विचार.

२००८ च्या ॲटम प्रोसेसरवर मात्र थांबायला हवं. इंटेलने मुद्दाम साधा, सूचना आल्या त्याच क्रमाने चालवणारा गाभा रचला. ॲटम २३० ची मर्यादा फक्त ४ वॅट. पण इंटेलच्याच डी९४५जीसीएलएफ बोर्डवर त्याच्या जोडीला जुना ९४५जीसी चिपसेट (प्रोसेसरला मेमरी आणि स्क्रीनशी जोडणारी चिप) होता, त्याची मर्यादा २२ वॅट. पंखा चिपसेटवर, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर नुसता ॲल्युमिनियमचा तुकडा! जाहिरात चार वॅटांची, गिऱ्हाइकाच्या बिलात मात्र पूर्ण बोर्ड. पुढच्या पिढीत मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या चिपमध्ये गेले, तेव्हा कुठे हे विनोदी चित्र पालटलं.

आता तुझ्या यंत्राकडे येऊ. तुझं खरं घराणं हे नव्हेच. १९७६ चा आरसीए कंपनीचा १८०२ प्रोसेसर घे: सीमॉस या कमी वीज खाणाऱ्या तंत्राचा, आणि असा रचलेला की क्लॉक पूर्ण थांबवला तरी आतलं काही विसरत नाही. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानात तो होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० या छोट्या प्रोसेसरने ही झोपेची कला पुढे नेली: झोपेत मायक्रोअँपिअरच्या घरात, आणि हाक मारली की काही मायक्रोसेकंदांत जागा. २००४ च्या कॉर्टेक्स-एम३ पासून ३२ बिटांचे लहान प्रोसेसर याच वाटेवर आले. काम लवकर उरकायचं आणि झोपायचं.

झोपेचा शत्रू गळती. ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तसे ते बंद असतानाही गळू लागले. ९० नॅनोमीटरच्या काळात इंटेलचा पेंटियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला, आणि २००४ च्या मे महिन्यात त्याचा ठरलेला वारसदार रद्द झाला. म्हणून फार काळ झोपणारे प्रोसेसर अजूनही जाडसर, जुन्या प्रोसेसवर बनतात. पवईच्या आयआयटीचा ‘अजित’ मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर घडला, तेव्हा ‘इतकं जुनं तंत्र?’ म्हणून नाक मुरडणारे भेटले. तुझ्या नाल्यावरच्या यंत्राला १८० नॅनोमीटर वर्ज्य नाही.

हिशोब पुन्हा मांड. दर पंधरा मिनिटांत पाच सेकंद जागं राहायचं, त्या पाच सेकंदांत रेडिओ धरून सरासरी १०० मिलिअँपिअर. म्हणजे एकंदर सरासरी ०.५५ मिलिअँपिअर. ३.६ व्होल्टला दोन मिलिवॅट. तुझ्या लिनक्स बोर्डाच्या एक हजारांश! पाच सेकंद मी उदारपणे धरलेत असं समजू नकोस. मॉडेमला नेटवर्क सापडायला कधीकधी याहून जास्त लागतात. म्हणून आकडे साठव आणि तासातून एकदा पाठव. पाणी झपाट्याने चढायला लागलं तरच लगेच. टूजीचा मॉडेम पाठवताना दोन अँपिअरचे झटके मारतो, त्यासाठी जवळच मोठा कपॅसिटर ठेव.

आता ज्याने भलेभले फसतात ते. लॅमिंग्टन रोडवरच्या बहुतेक स्वस्त मॉड्यूलवर एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारी चिप) असतो. तो काहीही न करता पाचेक मिलिअँपिअर पितो, तुझ्या सगळ्या यंत्राच्या नऊपट! शेजारची लाल एलईडी मिलिअँपिअरभर. एवढं अभ्यासून आणलेला एक मायक्रोअँपिअरचा प्रोसेसर त्या दोघांच्या सोबतीला झोपवून उपयोग काय? रेग्युलेटर बदल, एलईडी सोल्डरिंग गनने उपट, आणि सेन्सरचा सप्लाय मॉस्फेटने (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) पूर्ण तोडता येईल असं कर.

मग बॅटरीच्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर टाकून झोपेतला करंट मोज. जागं व्हायच्या वेळी तो शॉर्ट करायला विसरू नकोस, नाहीतर व्होल्टेज कोसळून बोर्ड रीसेट होत बसेल. आधी एसीच्या खोलीत मोज, मग खिडकीबाहेर पावसाळी हवेत दोन दिवस ठेवून पुन्हा मोज. ओलाव्याने आणि सोल्डरच्या फ्लक्समुळे बोर्डच्या पृष्ठभागावरूनही करंट गळतो. दुसरा आकडा मोठा आला तर बोर्ड आयसोप्रोपिलने धू, कोटिंग मार आणि तिसऱ्यांदा मोज. तिन्ही आकडे मायक्रोअँपिअरमध्ये लिहून पाठव. प्रोसेसर कुठला ते त्यानंतर बोलू. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो.

तुझा,
सर