वडिलांची अँबेसेडर, आजचं पेट्रोल आणि मोडायला काढलेली ठेव

सोलापूरहून, विजापूर रोडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वडिलांची १९७२ ची अँबेसेडर दारात आहे, इंजिन मूळचंच, १४८९ सीसी पेट्रोल. वडील २०१४ पर्यंत चालवत होते. आता वर्षाला आठशे किलोमीटर होतात. गुरुवारचं अक्कलकोट, कधी तुळजापूर, घरातली लग्नकार्यं. मेकॅनिक म्हणतो, शिसं नसलेल्या पेट्रोलनं व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागा) खाल्ल्या असणार, त्यात आता इथेनॉल; इंजिनाचं फुल काम करा, नाहीतर डिझेल इंजिन बसवा. फुल कामाचं एस्टिमेट रंगासकट १,८५,००० रुपये. जवळ ४ लाखांची एकच मुदत ठेव, घरखर्च महिन्याला ४५,०००, निवृत्तीला दोन वर्षं. पुण्याचं एक गिऱ्हाईक दीड लाखाला गाडी मागतंय. ठेव मोडू का, हा प्रश्न.

मोडू नका. एस्टिमेटमध्ये चार आकडे आहेत: हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम आणि कडक सीट ३८,०००, बोअर-पिस्टन ५५,०००, पेट्रोलच्या लाइनचं काम १२,०००, रंग आणि सीटकव्हर ८०,०००. यातले आज फक्त १२,००० लागतात.

मेकॅनिक खोटं बोलत नाही, हे आधी सांगतो. तुमच्या गाडीचं हेड बिडाचं आहे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट त्या बिडातच कापलेली आहे, वेगळी रिंग नाही. जुन्या पेट्रोलमधलं शिसं ऑक्टेन वाढवायचं, शिवाय सीटवर त्याचा पातळ थर बसायचा. तो थर नसला की तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो, उचलताना बिडाचे कण ओढून नेतो आणि सीट झिजून हळूहळू हेडमध्ये आत जाते. म्हणूनच महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून उपयोग नाही. ऑक्टेन इंजिनाचा ठोका (नॉकिंग) टाळण्यासाठी असतं, सीट त्यानं वाचत नाही. आणि तुमच्या कमी कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये कमी दाबाच्या, इंजिनाला तेवढं ऑक्टेन लागतही नाही.

पण तारखा बघा. बिनशिशाचं पेट्रोल आपल्याकडे १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. म्हणजे तुमच्या वडिलांनी पुढची चौदा वर्षं हीच गाडी बिनशिशाच्या पेट्रोलवर चालवली. जे बिघडायचं ते बिघडायला सुरुवात केव्हाच झाली असणार, आणि ते मोजता येतं. सीट झिजून आत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली) कमी होते. टॅपेट पुस्तकातल्या मापाला सेट करून घ्या, एक्झॉस्ट आणि इनलेट मिळून आठ व्हॉल्व्हची मापं वहीत लिहा, हजार किलोमीटरनंतर परत मोजा. एक्झॉस्टची फट मिटत चालली असेल तर हेड काढायचं, जागच्या जागी असेल तर नाही. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. दोन्ही कामं मिळून हेडच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाहीत. सीट झिजते ती मुख्यतः गाडी तास न् तास जोरात ताणली की. अक्कलकोटला पन्नास-साठच्या वेगानं जाऊन येणाऱ्या गाडीत नव्हे. पुण्याला हायवेनं नव्वदवर नेणार असाल, तर गोष्ट वेगळी.

बोअर-पिस्टनचं कारण पत्रात दिसलं नाही. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, मग ५५,००० कशासाठी?

इथेनॉलची गोष्ट मात्र आजची आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्याला त्याचं कौतुक असणार, पण १९७२ च्या रबराला नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याच्या टाकीला गंज आणतं. इंजिनाजवळचा पेट्रोलचा पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा बोटाला काळं लागलं, तर पुढचं अक्कलकोट रद्द. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरचे पॅकिंग आणि फिल्टर इथेनॉलला टिकणारे घाला, टाकी आतून धुवून घ्या. हेच ते १२,०००. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका. मायलेज घटण्याची काळजी सोडा: लिटरला नऊ किलोमीटर आणि १०५ रुपये धरले, तर आठशे किलोमीटरला साडेनऊ हजारांच्या आत पेट्रोल, त्यात सहा टक्के घट म्हणजे वर्षाला साडेपाचशे रुपये.

आता ठेव. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा, तो २,७०,००० होतो. १,८५,००० काढले की २,१५,००० उरतात, शिवाय मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापणार ते वेगळं. निवृत्तीच्या तोंडावर एवढी कमी शिल्लक मी कुणालाच सुचवणार नाही. १२,००० पगारातून करा आणि दरमहा २,००० चं आवर्ती खातं उघडा. दीड वर्षात ३६,००० आणि वर व्याज, म्हणजे हेडपुरते पैसे झालेच. टॅपेटनं तोपर्यंत कौल दिलेला असेल. हेड दुसऱ्या कारणानं, समजा गॅस्केट गेलं म्हणून, उतरलंच तर मात्र त्याच वेळी कडक सीट बसवून घ्या, मजुरी दोनदा द्यायला नको.

डिझेल इंजिन नकोच. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते (२०,००० रुपये, दहा वर्षांसाठी), पण इंजिनात मोठा बदल नको, ही अट आहे. अर्थात ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. गुरुवारचं अक्कलकोट त्यात बसत नाही. तेव्हा तूर्त साधीच नोंदणी ठेवा. वीस वर्षांपुढच्या मोटारीचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपयांना पडतं, पाच वर्षांसाठी. म्हणजे वर्षाला २,०००. थर्ड पार्टी विमा करासह चार हजारांच्या आसपास.

गाडी विकायची असेल तर रंगाआधी विका; ८०,००० चा रंग किमतीत ८०,००० घालत नाही. स्वतःच्या वापरातली गाडी असल्यामुळे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ठेवायची असेल तर गुंतवणूक म्हणून नको, हौस म्हणून ठेवा, आणि हौसेला वर्षाचा आकडा ठरवून द्या. माझ्या मते पंधरा हजार, पेट्रोल धरून पंचवीस.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. पत्रावरून दिसतं, आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे. वारसांची संमती घेऊन फॉर्म ३१ (मालकाच्या निधनानंतर नाव बदलण्याचा) भरा आणि ती तुमच्या नावावर करा. ते झाल्याशिवाय पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकता येणार नाही, आणि उद्या अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडकाल. हे काम मेकॅनिककडे जाण्याआधी आरटीओत.