१९५७ च्या शेव्हरोले नोमॅडचं इंजिन मूळचं आहे का?

विक्रेता ५७ ची नोमॅड (शेव्हरोलेची दोन दारांची स्टेशन वॅगन) 'नंबर जुळणाऱ्या मूळ इंजिनासह' म्हणून दाखवतोय आणि गाडीचा नंबर इंजिनावर कुठे शोधायचा, असं तुम्ही विचारलंय. तो सापडणारच नाही. १९५५ ते ५७ च्या या गाड्यांच्या इंजिनावर कारखान्यात गाडीचा नंबर ठोकतच नसत. शेव्हरोलेच्या सगळ्या गाड्यांना तो १९६८ च्या मॉडेलपासून येऊ लागला. त्यामुळे 'हेच ते इंजिन' असं इथे ठामपणे कुणालाच सांगता येत नाही. 'असंच इंजिन, त्याच सुमाराचं' इथपर्यंत मात्र पोहोचता येतं, आणि त्यालाही चांगली किंमत आहे.

आधी गाडी वाचा, मग इंजिन. ड्रायव्हरच्या, म्हणजे या अमेरिकन गाडीत डाव्या, बाजूच्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर नंबराची पट्टी असते. नोमॅड बेल एअर मालिकेतली, म्हणून व्ही-८ गाडीचा नंबर 'व्हीसी५७' ने सुरू होतो, सहा सिलिंडरवालीचा नुसत्या 'सी५७' ने. पुढचं अक्षर कारखान्याचं (एफ फ्लिंट, टी टॅरीटाउन, एन नॉरवुड) आणि त्यानंतर १००००१ पासून चालू होणारा क्रमांक. कुठला व्ही-८, २६५ की २८३ (घन इंचांतला इंजिनाचा आकार), किती बॅरलचा कार्ब्युरेटर, यातलं काहीच इथे कळत नाही. बॉनेटवरच्या 'व्ही' चिन्हावर जाऊ नका, ते कुठेही विकत मिळतं. त्यापेक्षा रेडिएटर बघा. सहा सिलिंडरचं इंजिन लांब, म्हणून त्याचा रेडिएटर त्याला धरणाऱ्या उभ्या चौकटीच्या पुढे बसवलेला असे. व्ही-८ चा चौकटीच्या मागे, इंजिनाच्या अंगाला.

आता ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव धड. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं घंटेसारखं आवरण) जिथे बोल्टने जोडतात त्या मागच्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला, वर उठलेल्या आकड्यांत कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक ओततानाच उमटलेला नंबर, असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) अडचणीमुळे डोळ्यांनी वाचता येत नाही. ग्रीस पुसून वरून मोबाइलने फोटो काढा. ५७ च्या २८३ ला ३७३१५४८ हवा. ३७५६५१९ दिसला तर ब्लॉक १९५८ किंवा नंतरचा, तिथेच विषय संपला.

नंबर वाचता येत नसेल तर तीन खुणा बघा. ५५ ते ५७ चं व्ही-८ पुढच्या तोंडाशी आणि मागे बेलहाउसिंगवर टेकलेलं असतं. ब्लॉकच्या कुशीत माउंटसाठी भोकं असलेले उंचवटे १९५८ पासून आले. ते असतील तर ब्लॉक नंतरचा. दुसरी, तेल भरायची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर ज्यावर बसतो त्या भागाच्या) पुढच्या टोकाला हवी. तेल व्हॉल्व्ह कव्हरमधून भरत असतील आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूला वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं भोकच नसेल, तर बहुधा १९६८ नंतरचं ३५० बसवलंय. या गाड्यांमध्ये तो बदल फार सर्रास दिसतो. तिसरी, व्हॉल्व्ह कव्हरचे वरचे आणि खालचे स्क्रू समोरासमोर असतील तर हेड (ब्लॉकच्या माथ्यावर बसणारे, व्हॉल्व्ह असलेले भाग) १९६० च्या आसपासची किंवा नंतरची. हेड बदलली म्हणून ब्लॉक बदलला असं मात्र होत नाही.

खरं काम तारखांचं आहे. प्रवाशाच्या बाजूला मागच्या कडेवर ओतकामाची तारीख असते: महिन्याचं अक्षर (ए जानेवारी, एल डिसेंबर), दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. 'बी १९ ७' म्हणजे १९ फेब्रुवारी १९५७. ५७ चं मॉडेल ५६ च्या शरद ऋतूत बनायला लागलं, म्हणून 'के २० ६' दिसलं तरी दचकू नका, सुरुवातीच्या गाडीला तेच योग्य. उलट शेवटचा ७ हा १९६७ चाही असू शकतो, म्हणून कास्टिंग नंबराशिवाय तारखेला अर्थ नाही.

दुसरी तारीख इंजिन जोडल्याची. प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर सपाट पॅड असतो, त्यावर ठोकलेला असतो 'एफ३०५एफ' असा कोड: फ्लिंट, ५ मार्च, आणि शेवटी इंजिनाच्या प्रकाराचं अक्षर. सी ने सुरू होणारे २६५ चे; २८३ मध्ये ई हाताने बदलायच्या गिअरचे, एफ पॉवरग्लाइडचे, जी टर्बोग्लाइडचे (हे दोन्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). क्रम असा लागला पाहिजे: आधी ओतकाम, मग जोडणी, मग गाडी. अंतर साधारण काही दिवसांपासून काही आठवड्यांचं. गाडी कुठल्या महिन्यातली, हे त्या कारखान्याच्या मासिक क्रमांकांच्या तक्त्यावरून काढा. इंजिन गाडीनंतर जन्मलेलं निघालं तर मूळचं नाही, एवढं मात्र शंभर टक्के सांगता येतं.

पॅड साफ करताना थिनर आणि कापड, फार तर मऊ पितळी ब्रश. सॅंडपेपर किंवा ग्राइंडर लावू नका. ठसे उथळ असतात आणि पुरावाच पुसला जातो. अक्षरांइतकाच पृष्ठभागही बघा. कारखान्याच्या कापणीच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे जातात. त्या नाहीशा होऊन पॅड चकचकीत किंवा गोल ओरखड्यांचा झाला असेल, तर ओव्हरहॉलमध्ये ब्लॉकचा माथा घासला गेलाय. हे प्रामाणिक कामातही होतं. पण घासलेल्या पॅडवर ताजे, टोकदार ठसे असतील तर ते नंतर ठोकलेत.

विक्रेत्याकडून पट्टी, कास्टिंग नंबर, ओतकामाची तारीख आणि पॅड असे चार फोटो मागा, पॅडचा तिरक्या उजेडात. पॅडचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर गाडी फक्त बॉडीच्या भावाने तोला.