बारी आणि लेच्चेच्या मधला ब्रिंडिसी प्रांत: चारही रात्री इथेच काढा

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आईबाबांना घेऊन बारीहून लेच्चेला जाताना मधे चार रात्री मोकळ्या आहेत. ओस्तुनी बघायचं नक्की आहे, पण ब्रिंडिसी प्रांतात त्याखेरीज थांबण्यासारखं काही आहे का, की अर्ध्या दिवसात ओस्तुनी उरकून पुढं निघावं. बाबांचे गुडघे दुखतात आणि सगळे शाकाहारी आहेत, हेही लिहिलंय.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं बारीत राहिले आणि हा प्रांत मला मनापासून आवडतो. माझं मत स्पष्ट आहे: चारही रात्री इथेच राहा. आणि बहुतेक सगळे टाळतात ते ब्रिंडिसी शहर अजिबात टाळू नका.

आधी भूगोल, म्हणजे मुक्काम ठरवणं सोपं जाईल. इटलीच्या टाचेवरचा, एड्रियाटिक समुद्राला लागून असलेला हा प्रांत 1927 मध्ये झाला. फासानो आणि चिस्तेर्निनो ही वरची गावं बारीकडून आली, खालचा बराचसा भाग लेच्चेकडचा. आज एकूण 20 नगरपालिका आहेत. वरच्या भागात चुनखडीचं पठार, दगडी बांधांची छोटी शेतं आणि शंकूच्या छपरांची त्रुल्ली घरं. पठार उतरलं की ऑलिव्हचं सपाट रान आणि मग समुद्र. ब्रिंडिसीच्या दक्षिणेला लाल माती आणि नेग्रोआमारो द्राक्षांचे मळे. बोलीसुद्धा वर आणि खाली वेगळी आहे. दोन्ही भाग पाहिले नाहीत तर प्रांत निम्माच पाहिला म्हणायचा.

ब्रिंडिसी शहराबद्दल थोडं सविस्तर लिहिते. जमिनीत खोल शिरून दोन फाटे फुटलेलं हे नैसर्गिक बंदर वरून हरणाच्या शिंगांसारखं दिसतं. शहराच्या मानचिन्हावरही हरणाचं डोकं आहे. रोमहून निघालेला आप्पियन रस्ता इथे संपायचा आणि पुढे ग्रीसकडे जहाजं सुटायची. इ.स.पू. 49 मध्ये सीझरनं आपला प्रतिस्पर्धी रोमन सेनापती पाँपे याला याच बंदरात कोंडायचा प्रयत्न केला आणि पाँपे निसटला. कवी व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये ग्रीसहून परतताना इथेच वारला. धक्क्यावरून पायऱ्या चढून गेलात की एक उंच रोमन स्तंभ दिसतो. मूळचे दोन होते. दुसरा 1528 मध्ये कोसळला आणि पुढे त्याचे तुकडे लेच्चेला दिले गेले. तुम्ही लेच्चेच्या मुख्य चौकात जाल तेव्हा तिथल्या संत ओरोंत्सोच्या पुतळ्याखाली तोच दगड आहे. आप्पियन रस्त्याला जागतिक वारशाचा दर्जा 2024 मध्ये मिळाला आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

आपल्यासाठी या बंदराला आणखी एक अर्थ आहे. सुएझ कालवा 1869 मध्ये सुरू झाला आणि 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडन-मुंबई टपालाचा हा मोठा टप्पा होता. थैल्या आगगाडीनं फ्रान्स आणि अख्खी इटली ओलांडून इथवर येत, इथून पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीनं इजिप्तमार्गे मुंबईकडे. त्या प्रवाशांसाठी बांधलेलं इंटरनॅशनल हॉटेल धक्क्यावर आजही उभं आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी 14 डिसेंबर 1931 ला इथेच ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले आणि 28 डिसेंबरला मुंबईत उतरले. मुंबईच्या माणसानं त्या धक्क्यावर पाच मिनिटं तरी उभं राहावं असं मला फार वाटतं.

शहर कुरूप आहे अशी तक्रार ऐकाल. पेट्रोकेमिकल कारखाने आणि दक्षिणेला चेरानोचं प्रचंड वीजकेंद्र यांमुळे ती ख्याती झाली, आणि त्या उद्योगांनी हवा-मातीचं नुकसान केलं हे खरंच आहे. पण बंदराकाठचा जुना भाग त्यापासून दूर, सपाट आणि निवांत आहे, आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी सगळ्या प्रांतात याहून सोयीची जागा नाही. धक्क्यावरून छोटी बोट समोरच्या काठाला नेते. तिथं खलाशांचं 1933 चं स्मारक आहे, सुकाणूच्या आकाराचं, 53 मीटर उंच. कॅथीड्रलशेजारचं पुरातत्त्व संग्रहालयही चुकवू नका. पुंता देल सेरोने इथं समुद्रतळाशी 1992 मध्ये सापडलेले ब्राँझचे पुतळे तिथं आहेत. सप्टेंबर 1943 मध्ये राजा आणि सरकार रोम सोडून पळाले तेव्हा काही महिने इटलीचा कारभार याच शहरातून चालला, हे खुद्द इटालियन लोकांनाही फारसं आठवत नाही.

आता ओस्तुनी. टेकडीवरचं, चुन्यानं रंगवलेलं गाव. फोटोत दिसतं तितकंच सुंदर. चुना उन्हाचा ताप कमी करतो, अरुंद बोळांत उजेड खेळवतो, आणि प्लेगच्या काळात जंतुनाशक म्हणूनही लोक तो फासत, असं तिथं सांगतात. पण चढ बराच आहे, आणि पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या फरशा ओल्या असल्या की घसरतात. बाबांना टॅक्सीनं शक्य तेवढं वर न्या आणि परत पायी उतरवू नका. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. कॅथीड्रलच्या वाटेवरचं छोटं संग्रहालय लोक ओलांडून पुढे जातात, तुम्ही आत जा. जवळच्या आन्यानो गुहेत 1991 मध्ये सापडलेला सुमारे 28 हजार वर्षांपूर्वीचा स्त्रीचा सांगाडा तिथं समजावून दिला आहे. तिच्या पोटात गर्भ होता. डोक्यावर शिंपल्यांची टोपी घालून, हात पोटाकडे ठेवून तिला पुरलं होतं. ओस्तुनीत माझ्या लेखी याहून मोठं काही नाही.

तटावरून खाली बघाल तर समुद्रापर्यंत ऑलिव्ह पसरलेले दिसतील. ओस्तुनी आणि फासानोमधल्या या रानात शेकडो वर्षं वयाची, काही हजारांच्या घरातली झाडं आहेत. पीळ पडलेली, पोखरलेली, एकेका खोडात माणूस उभा राहील अशी. हा प्रांत ज्यात येतो त्या पुल्या प्रदेशानं 2007 मध्ये कायदा करून त्यांना संरक्षण दिलं. पण 2013 मध्ये दक्षिणेत गाल्लिपोलीजवळ झायलेला नावाचा जिवाणू सापडला. रस शोषणारा एक छोटा किडा तो झाडाझाडांत नेतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजतात. जुन्या ओल्यारोला आणि चेल्लिना या जाती त्याला बळी पडतात. रोग उत्तरेकडे सरकत ब्रिंडिसी प्रांतात शिरला. लेच्चेकडे जाताना गाडीच्या खिडकीतून वाळलेल्या बागा मैलोन् मैल दिसतील, तेव्हा आईबाबांना ते काय आहे हे सांगा. शेतकरी हातावर हात ठेवून बसलेले नाहीत: जुन्या खोडांवर लेच्चिनोसारख्या तग धरणाऱ्या जातीची कलमं बांधताहेत. आंब्याची कलमं बघितलेल्या कोकणी माणसाला ती मेहनत लगेच कळेल. एखाद्या मास्सेरियात, म्हणजे तटबंदीच्या जुन्या शेतवाड्यात, जमिनीखालची तेलघाणी दाखवतात. अर्धा दिवस त्याला द्या आणि तेल तिथूनच विकत घ्या.

फासानो गावासाठी मुद्दाम वेळ काढू नका, पण त्याच्या हद्दीतलं एन्यात्सियाचं उत्खनन जरूर बघा. समुद्राला टेकलेलं, आधी मेसापी (रोमनांपूर्वीचे इथले लोक) आणि मग रोमन शहर, सपाट वाटा, शेजारी संग्रहालय. जवळच्या ज्या महागड्या रिसॉर्टमध्ये जून 2024 ची जी-7 परिषद झाली, ते बाहेरून बघायलाही थांबू नका.

चिस्तेर्निनो मात्र माझं लाडकं. मांस निवडून तिथेच भाजून देणाऱ्या खाटिकांसाठी ते प्रसिद्ध आहे, त्यामुळे संध्याकाळी बोळांत धूर आणि वास भरतो. तुमच्या घरच्यांना ते नको वाटेल, म्हणून सकाळी जा; पांढरे जिने आणि पलीकडची इत्रिया दरी तेव्हाही तीच असते. गावाबाहेर हैडाखानच्या बाबाजींच्या शिष्या, छायाचित्रकार लिसेत्ता कार्मी यांनी 1979 मध्ये स्थापन केलेला भोलेबाबा आश्रम आहे. त्रुल्लींच्या मुलखात शिवाची आरती चालते.

समुद्रापासून आत ओरिया गावात किल्ला आणि जुनी ज्यू वस्ती आहे, मेसान्येचं जुनं गाव छान आहे. दोन्ही एका दिवसात होतात. समुद्रात पाय बुडवायचे असतील तर कारोविन्योजवळचं तोर्रे ग्वाचेतो: समुद्री चाच्यांवर नजर ठेवणारा सोळाव्या शतकातला बुरूज, वाळूच्या टेकड्या आणि संरक्षित समुद्र.

जेवणाची अडचण येणार नाही. ‘फावे ए चिकोरिया’ मागा: वाळलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं घट्ट वरण आणि वर कडसर पालेभाजी, ऑलिव्ह तेलाची धार. फ्रिझेल्ले म्हणजे कडक पाव पाण्यात बुडवून त्यावर टोमॅटो. चेल्ये मेसापिकाची बदामाची बिस्किटं चहाबरोबर खा. ‘चिमे दी रापा’ घातलेल्या ओरेक्येत्ते पास्त्यात मात्र बहुतेक वेळा अँचोव्ही मासा असतो, म्हणून ‘सेन्त्सा आच्चुगे’ असं सांगूनच मागवा. बरीचशी चीज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेला रस, वापरून करतात, तेही विचारून घ्या. दुपारी दीड ते पाच दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी-फळं आधीच घ्या.

मुक्काम: पहिल्या दोन रात्री ओस्तुनीच्या पायथ्याशी एखाद्या मास्सेरियात, उरलेल्या दोन ब्रिंडिसीच्या जुन्या भागात. बारी-लेच्चे रेल्वे ओस्तुनी आणि ब्रिंडिसी दोन्हीकडे थांबते, पण ओस्तुनी स्टेशन गावाच्या खाली, काही किलोमीटरवर आहे. बस किंवा टॅक्सी लागते. मुख्य मार्गावरचं ‘चिस्तेर्निनो’ स्टेशन गावापासून बरंच दूर, गावाजवळचं ते ‘चिस्तेर्निनो चित्ता’, आणि ते सूद एस्त कंपनीच्या छोट्या मार्गावर. या छोट्या गाड्यांच्या भरवशावर रविवारचा बेत आखू नका. पठारावरच्या गावांसाठी दोन दिवस गाडी भाड्यानं घेणं उत्तम. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा, आणि जुन्या गावाच्या वेशीवर ‘झेड.टी.एल.’ची (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा, नाहीतर दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.