शेजारचं झाड रिकामं का?

प्रश्न : आमच्याकडे आंब्याची दोन झाडं शेजारी आहेत. यंदा एक लगडलंय, दुसऱ्याला चार-दोनच फळं. गेल्या वर्षी नेमकं उलट होतं. रिकामं झाड काढून टाकावं का?

उत्तर : कृपा करून तोडू नका, झाड निरोगी आहे. मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो, तोही पालवी जून झाल्यावर. ज्या फांदीने फळं पोसली तिचा साठा संपतो, नवी पालवी उशिरा फुटते आणि मोहोराच्या वेळी ती कोवळीच असते. म्हणून वर्षाआड फळ.

दोन्ही झाडांचा फेरा जुळतोच असं नाही. कधी तुडतुड्यांनी (रस शोषणारे किडे), भुरीने (पांढरी बुरशी) किंवा अवकाळी पावसाने एकाचाच मोहोर गळतो, की ते पुढच्या वर्षी भरून येतं आणि तिथून दोघांचा क्रम बदलतो. झाडं कोयीपासून वाढवलेली असतील तर दोघांचं बीजही वेगळं, मोहोरातल्या उभयलिंगी (नर-मादी दोन्ही भाग असलेल्या) फुलांचं प्रमाण वेगळं. फळ धरतं ते त्यांनाच. जातीचाही गुण असतो. हापूस, दशेरी वर्षाआड फळतात, नीलम बहुधा दरवर्षी. दशेरी आणि नीलमच्या संकरातून झालेली, दरवर्षी फळणारी आम्रपाली म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

यंदा लगडलेल्या झाडाकडे जास्त लक्ष द्या. फळं उतरवली की लगेच खत घाला, पालवी वेळेवर फुटू द्या.