गादी फाटली, पण गुडघा चालतोय!

प्रश्न : वय ५६. नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. कुठे पडले नाही, मुरगळला नाही. पण एमआरआयमध्ये 'गादी फाटली आहे' असं आलंय. दुर्बिणीचं ऑपरेशन करून टाकू का?

ताई, घाई नको. गादी म्हणजे मेनिस्कस, गुडघ्याच्या दोन हाडांमधली लवचिक चकती. वयानुसार झिजून चिरलेली गादी हा केस पिकण्यातलाच प्रकार. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या अभ्यासात काहींच्या गादीचा चिरलेला भाग काढला, बाकीच्यांच्या ऑपरेशनचा नुसता देखावा केला. वर्षानं दोन्ही गटांना सारखाच आराम!

गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर मात्र सर्जनना दाखवा. एरवी तीन महिने मांडीच्या स्नायूंना द्या. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, दहा-दहाचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. जड जात असेल तर खुर्चीवर उशी ठेवा. जमू लागलं की काढा. दुखणं दहापैकी चार-पाचपर्यंत चालेल, फक्त दुसऱ्या सकाळी ते पूर्वीइतकं खाली आलेलं हवं. नाही आलं तर सेट कमी करा, व्यायाम बंद करू नका. 'गुडघा अजिबात हलवू नका' सांगणारे दोघे-तिघे प्रत्येक सोसायटीत असतातच.

प्रश्न : वय २२, कळव्यात कबड्डी खेळतो. एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशनला पाच महिने झाले. आता दुखत नाही. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, उतरू का?

नाही. दुखणं थांबलं म्हणजे गुडघा तयार झाला, असं नसतं. सूज आली की मांडीच्या स्नायूला मिळणारा आदेशच मंदावतो. सूज गेली तरी ताकद मागेच राहते. मोजपट्टीनं दोन्ही मांड्यांचा घेर घेऊन बघ. नॉर्वे-अमेरिकेतल्या एकत्रित अभ्यासात खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत लांबवलं, तेव्हा दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. नऊ महिने आणि दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के ताकद, दोन्ही हवं. एका पायावरच्या लांब उड्याही फिजिओकडून मोजून घे. चढाईत घोट्याची पकड बसली आणि अंग वळलं, की सगळा पीळ गुडघ्यावरच येतो.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे, ठाण्यात राहतात. गुडघ्याची झीज आहे. दर तीन महिन्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

घरच्या लग्नापुरतं एखादं घेतलं तर मी अडवणार नाही. पण २०१७ च्या एका अभ्यासात दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) सलाइन टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक काहीच नाही. आधी डायक्लोफेनॅकचं मलम लावून बघा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. स्टेशनच्या पुलावर कठड्याच्या बाजूनं चालायला सांगा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.