निंगाप्पा म्हणजे नागाप्पा नव्हे ओ!

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एकानं विचारलंय, आज्जाचं नाव निंगाप्पा होतं, आता मुलाला तेच ठेवायचं म्हणतोय, पण पाहुणे म्हणतात हे नागाप्पाचं बिघडलेलं रूप, तर खरं काय? नागाचा इथं काडीचा संबंध नाही. निंग म्हणजे लिंग, महादेवाचं, आणि आप्पा म्हणजे कानडीत बाप. बायकांत निंगव्वा. झाला अर्थ.

मजा पुढं हाय. ल चा न झाला कसा? "कानडी लोकांना ल म्हणता येत नाही" असं लोक छातीठोक सांगतात आणि ते ऐकून माझं डोकं उठतं. मग लगमाप्पा, लगमव्वा ही नावं कुठली? कानडीत ल पण हाय आणि ळ पण हाय, उगं काय पण ठोकून देऊ नका.

आणि हे फक्त कानडीतच होतं असं कुणी सांगितलं? संस्कृतात लांगल, आपल्या शेतात नांगर. ललाट म्हणजे कपाळ, त्याचं प्राकृतात णिडाल झालं आणि मराठीत निढळ, निढळाच्या घामातलं. बाराव्या शतकात हेमचंद्र नावाच्या जैन पंडितानं प्राकृत व्याकरणात नियमच घालून दिलाय की लांगल, लांगूल म्हणजे शेपूट, ललाट यातला पहिला ल ण होतो. उलटी वाट पण त्यानंच दाखवलीय, निंबाचा लिंब, तोच आपला कडुलिंब. बेळगावच्या बाजारात बघा, एकच भाजीवाली आपल्याला लिंबू म्हणते आणि शेजारच्या कानडी गिऱ्हाइकाला निंबेहण्णु, तोच ल आणि तोच न, एकाच तोंडात!

माझं म्हणणं असं, ल च्या पाठोपाठ नाकातला आवाज आला की तो ल ला पण नाकात ओढतो. लिंग म्हणून बघा, लांगल म्हणून बघा, जीभ आपोआप न कडं जाते. लगमाप्पात ल ला लागून अनुस्वार नाही म्हणून तिथं ल शाबूत. ललाटात अनुस्वार नाही, पण तिथं दोन ल लागोपाठ आले म्हणून पहिला सुटला, ते वेगळं प्रकरण. शहरात रामलिंगखिंड गल्लीत मात्र लिंग जसंच्या तसं राहिलंय कारण तिथं ल शब्दाच्या सुरवातीला नाही, आणि कानडीत शिवनिंगप्प होतो तो निंगप्प आधी तयार झाला आणि शिव मागनं पुढं लागला म्हणून, असं माझं पक्कं मत हाय.

निंगाप्पाला अशुद्ध म्हणून दाखल्यावर लिंगाप्पा करून सोडणाऱ्यांनी आधी नांगराला लांगल म्हणून दाखवावं. ज्या वाटेनं नांगर आला त्याच वाटेनं निंगाप्पा आलाय, एक शुद्ध आणि दुसरा गावठी हे कसं काय?

हां, मुलाचं राहिलं. बिनधास्त ठेवा. कानडीत शेवट आखूड असतो, निंगप्प, आपण मराठी लोक आ ओढून निंगाप्पा करतो, दोन्ही बरोबर. फक्त जन्मदाखला घेताना काउंटरवरच वाचून बघा, कारकून सुधारून लिंगप्प लिहील, नंतर बदलायला लई हेलपाटे पडतात.